पाण्यातल्या गुहेसाठी गुरू शोधताना

पुण्यात राहून केव्ह डायव्हिंगचा इन्स्ट्रक्टर शोधायचा तर सगळा कारभार लांबूनच करावा लागतो. आपल्याकडे गुहांना तोटा नाही. कार्ले, भाजे, बेडसे आहेत, जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर आहे. पण या सगळ्या माणसांनी बेसॉल्टमध्ये छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या. डायव्हर ज्या गुहांमध्ये जातात त्या पाण्याने चुनखडक विरघळवत हजारो वर्षांत तयार केलेल्या असतात. त्यासाठी मेक्सिकोतला युकातान, अमेरिकेतला उत्तर फ्लोरिडा किंवा फ्रान्सचा नैर्ऋत्य भाग गाठावा लागतो. म्हणजे ज्याच्या भरवशावर डोक्यावर दगडाचं छत घेऊन पाण्यात शिरायचं, त्या माणसाला आपण तोपर्यंत प्रत्यक्ष पाहिलेलंही नसतं. मी सीए आहे. न पाहिलेला पक्ष कागदांवरून कसा आहे हे ताडायची सवय आहे, ती इथे उपयोगी पडली.

समुद्रातलं डायव्हिंग मी बरीच वर्षं करते आहे. सुरुवात तारकर्लीला, मग मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, मग अंदमान. गुहेचं वेड कुठून लागलं ते मलाच नीट सांगता येणार नाही. युकातानमधल्या साक आक्तुन आणि दोस ओखोस या दोन पाण्याखालच्या गुहा आतून जोडलेल्या आहेत, असं २०१८च्या जानेवारीत सिद्ध झालं आणि मिळून ३४७ किलोमीटर लांबी भरली. ती बातमी मी कापून ठेवली होती एवढं आठवतं. पुण्याहून नागपूरला जाताना एवढं अंतर तोडलं तरी अर्ध्या वाटेवरच असतो.

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "त्या थायलंडच्या पोरांसारखं?" थाम लुआंग गुहेतली ती घटना आमच्या घरात सगळ्यांनाच पाठ आहे. बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक २३ जून २०१८ला आत अडकले आणि शेवटचा गट १० जुलैला बाहेर आला. पाणी उपसायच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे इंजिनिअर गेले होते, त्यामुळे पेठेत त्या आठवड्यात जो तो पंपांवर बोलत होता. आईला मात्र वेगळीच गोष्ट लक्षात राहिली होती: हवेचे सिलिंडर आत पोचवून परतताना थाई नौदलाचा माजी जवान समन कुनान ६ जुलैला गेला. "तो तर शिकलेला होता ना?" या प्रश्नावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं.

उत्तर शोधता शोधताच मी या विषयात खोल गेले. १९७०च्या दशकात शेक एक्सली नावाच्या अमेरिकन केव्ह डायव्हरने गुहांमधल्या मृत्यूंची एकेक नोंद घेऊन कारणं शोधली. फार थोड्या गोष्टी पुन्हा पुन्हा निघाल्या. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत सलग पोचणारी दोरी नव्हती, परतीसाठी पुरेशी हवा राखलेली नव्हती, किंवा झेपेल त्यापेक्षा खोल गेले होते. पुढे त्यात आणखी दोन कारणं धरली गेली, प्रशिक्षण नसणं आणि पुरेसे दिवे नसणं. आजही केव्ह डायव्हिंग शिकवून कार्ड देणाऱ्या सगळ्या एजन्सी याच पाच गोष्टींवर कोर्स उभा करतात. फ्लोरिडा-मेक्सिकोत गुहेच्या तोंडाशी, पाण्याखाली, एक पाटी लावलेली असते. तिच्यावर हातात कोयता घेतलेला सांगाडा, आणि खाली मजकूर असा की अशाच गुहांमध्ये तीनशेहून जास्त डायव्हर मेले, त्यात ओपन वॉटरचे, म्हणजे मोकळ्या पाण्यात डायव्हिंग शिकवणारे, इन्स्ट्रक्टरही होते. शेवटचा भाग मी आईला वाचून दाखवला. तिचं समाधान झालं नाही, पण ‘मला समुद्रात शिकवणारा माणूस इथे शिकवायला चालणार नाही’ हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

कोर्सच्या पायऱ्या थोडक्यात सांगते. पहिली कॅव्हर्न, म्हणजे गुहेची ओसरी. बाहेरचा उजेड डोळ्यांना दिसत राहील तिथपर्यंतच जायचं. मग इंट्रो टू केव्ह: उजेडाच्या पलीकडे, पण एकाच मुख्य दोरीने सरळ आत आणि सरळ बाहेर. मग फुल केव्ह, ज्यात एका दोरीवरून दुसऱ्या दोरीवर जाणं, फाटे, जास्त लांबचा पल्ला असं सगळं येतं. नावं आणि मर्यादा एजन्सीगणिक थोड्या बदलतात.

एजन्सी कोणती, यावर लोक तावातावाने भांडतात. टीडीआय, आयएएनटीडी, एनएसएस-सीडीएस, जीयूई. जीयूईकडे सगळ्यांची सामग्री एकसारखी, पद्धत एकसारखी, आणि गुहेआधी त्यांचा पायाभूत कोर्स करावा लागतो. टीडीआयसारखीकडे इन्स्ट्रक्टरला जास्त मोकळीक असते. मोकळीक चांगल्या माणसाच्या हातात चांगली. त्यामुळे मी एजन्सीचा वाद बाजूला ठेवला आणि माणूस बघायचं ठरवलं. मात्र एक गोष्ट प्रत्येक नावाबाबत केली: एजन्सीच्या साइटवर जाऊन तो इन्स्ट्रक्टर आज, त्याच पातळीला शिकवायला पात्र आहे का ते तपासलं. आम्ही सीए सर्टिफिकेटवर यूडीआयएन, म्हणजे ऑनलाइन पडताळता येणारा क्रमांक, घालतो तो याचसाठी. कार्ड दाखवलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, मूळ नोंद बघायची. एका नावाची नोंद ‘अ‍ॅक्टिव्ह’ नव्हती. विचारल्यावर "रिन्यूअल चाललंय" असं उत्तर आलं. होऊ दे रिन्यूअल, मग बघू.

नावं गाळत गाळत तीन उरली, आणि तिघांना मी एकच प्रश्नपत्रिका पाठवली. शिकवायचं काम सोडून, निव्वळ स्वतःसाठी गुहेत शेवटचे कधी गेलात? एका वेळी किती विद्यार्थी घेता, आणि माझ्याबरोबर जो असेल त्याची तयारी कशी आहे? दिवस वाढवावे लागले तर पैशाचं कसं? शेवटचं नापास कोणाला केलंत आणि कशासाठी? आणि आत असताना तुम्हालाच काही झालं तर मी काय करायचं?

पहिल्याचं उत्तर तासाभरात आलं. एकाच फेरीत, सुटीच्या दिवसांत, कॅव्हर्नपासून फुल केव्हपर्यंत सगळं करून देतो. माझ्याकडे कोणी नापास होत नाही. लवकर बुक केल्यास सवलत. मी किती डायव्ह केलेत, शेवटचा कधी केला, ट्विनसेट (जोडलेले दोन सिलिंडर) कधी पाठीवर घेतलाय का, यातलं काही त्याने विचारलं नाही. ‘कोणी नापास होत नाही’ हे त्याने अभिमानाने लिहिलं होतं, आणि मी तिथेच ती मेल बंद केली. शंभर टक्के निकालाची जाहिरात कोचिंग क्लासच्या फ्लेक्सवर ठीक आहे.

दुसरा फ्लोरिडातला, वयस्क, फार अनुभवी. त्याची उत्तरं तुटक होती पण प्रत्येक वाक्यात माल होता. तिथल्या झऱ्यांना बाहेर येणारा जोरदार प्रवाह असतो, पाणी साधारण २२ अंश, आत जाताना दमछाक होते. पूर्वी प्रवाहात पोहलेली नसशील तर आधी मेक्सिकोत शीक, असं त्याने स्वतःहून सांगितलं. शिवाय त्याच्या मोकळ्या तारखा सप्टेंबरात होत्या. टॅक्स ऑडिटच्या दिवसांत मी ऑफिस सोडून फ्लोरिडाला गेले असते तर क्लायंटनीच मला गुहेत गाडलं असतं.

तिसरी मेक्सिकोत स्थायिक झालेली युरोपियन बाई. तिच्या उत्तरांआधी तिचेच प्रश्न आले, माझ्यापेक्षा लांब यादी. शेवटी मागणी: पाच मिनिटांचा व्हिडिओ पाठव, मध्ये न कापता. पाण्यात एका जागी स्थिर राहा, मास्क काढून परत घाल, जोडीदाराला हवा दे, मागे सरक. माझ्या प्रश्नांची उत्तरं खाली होती. एका वेळी दोनच विद्यार्थी. दिवस वाढले तर माझी जादा फी नाही, गॅस (सिलिंडरमध्ये भरायची हवा) आणि गुहेच्या मालकाचं प्रवेशशुल्क मात्र तुझं. नापास नुकतंच एकाला केलं, तो चांगला पोहत होता पण ‘वर चला’ अशी खूण झाल्यावर हुज्जत घालत होता. आणि मला काही झालं तर तू दोरी धरून बाहेर यायचंस. ते जमेपर्यंत मी तुला उजेडाच्या पलीकडे नेणारच नाही.

मला ती तिथेच पसंत पडली होती. तरी चार ठिकाणी चौकशी केली. तिच्याकडे शिकलेल्या लोकांचे पत्ते मागताना मी मुद्दाम म्हटलं, पास झालेले नकोत, ज्याला थांबवलंस असा कोणी दे. दिला. तो गृहस्थ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, सर्दी झाली होती म्हणून तिने माझा एक पूर्ण दिवस रद्द केला, मी हॉटेलात बसून तिला शिव्या दिल्या. आणि पुढच्या वर्षी परत तिच्याकडेच गेलो.

आता व्हिडिओ. लहानपणी मी टिळक टँकवर पोहायला शिकले, तिथे सरांनी बेडकासारखे पाय मारून घेतले होते ते कमालीचं कामी आलं. गुहेत समुद्रासारखे वर-खाली पाय मारले की तळाचा गाळ उठतो आणि क्षणात समोरचा हातही दिसेनासा होतो. म्हणून पाय गुडघ्यात वाकवून, फिन वर ठेवून, बाजूला ढकलायचे. याला फ्रॉग किकच म्हणतात. रविवारी रात्री एका खासगी टँकची वेळ आमचं डायव्हिंगवालं टोळकं भाड्याने घेतं. डिसेंबरात ते पाणी युकातानच्या गुहांपेक्षा थंड असतं. तिथे वर्षभर २५ अंशांच्या आसपास असतं. भाऊ कॅमेरा घेऊन तळाशी बसायचा.

उथळ टँकमध्ये स्थिर राहणं खोल पाण्यापेक्षा अवघड. पृष्ठभागाजवळ थोडं वर-खाली झालं तरी दाबात मोठा फरक पडतो आणि सूटमधली, जॅकेटमधली हवा लगेच फुगते नाहीतर आक्रसते. मी भिंतीवरच्या निळ्या टाइल्सच्या रेघेशी डोळे लावून आडवी तरंगायची आणि रेघ हलू द्यायची नाही, असा खेळ. रेघ हलायचीच. पहिल्या व्हिडिओवर बाईचं उत्तर आलं ते मिनिट-सेकंदांसकट. १:१२, गेज बघताना डोकं खाली जातं आणि त्याबरोबर गुडघे. १:४०, डावा हात पाणी कापतोय, का? २:५५, मास्क काढल्यावर श्वास रोखलास, वर गेलीस. ४:२०, मागे सरकत नाहीयेस, तुला फक्त तसं वाटतंय. खाली एक ओळ: अजून नाही, काही आठवड्यांनी पुन्हा पाठव.

भावाला वाटलं मला राग येईल. मला उलट हायसं वाटलं. हजारो मैलांवरून, एक पैसा न घेता, कोणी तरी माझ्या डाव्या हाताकडे बघत होतं.

पुण्यात न मिळणारी गोष्ट म्हणजे सहज भाड्याने ट्विनसेट. मी बॅकप्लेट (सिलिंडर बांधायची पाठीवरची पाटी), विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी) आणि सात फुटी लाँग होज, म्हणजे हवेची लांब नळी, विकत घेतली आणि एकाच सिलिंडरवर सराव केला. लाँग होजचं कारण साधं: अरुंद जागेतून बाहेर पडताना दोघं शेजारी शेजारी मावत नाहीत, पुढे-मागे जावं लागतं, तेव्हा हवा देणाऱ्याची नळी तेवढी लांब हवी. आपण ज्यातून श्वास घेतोय तोच रेग्युलेटर (नळीच्या टोकाचा, तोंडात धरायचा भाग) समोरच्याला द्यायचा, कारण तो चालतोय याची खात्री आहे, आणि गळ्यात अडकवलेला दुसरा आपण तोंडात घ्यायचा. हे न बघता, न गडबडता जमेपर्यंत भाऊ मला टँकमध्ये कुठेही गाठून गळ्यावर हात फिरवायचा, म्हणजे ‘हवा संपली’.

दोरीचा सराव मात्र टेकडीवर झाला. वेताळ टेकडीवर सकाळी लवकर, ग्लिरिसिडियाच्या झाडांमधून रीलवरची बारीक नायलॉनची दोरी ओढत न्यायची, खोडांना वेढे देत, आणि मग डोळ्यांवर पट्टी बांधून परत यायचं. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दोरी त्यात राखायची, तिच्यावर ओढ द्यायची नाही, दुसरा हात डोक्यापुढे. दोरीवर प्लॅस्टिकचे बाण अडकवलेले असतात, त्यांचं टोक नेहमी जवळच्या बाहेरच्या वाटेकडे. अंधारात ते बोटांनी वाचावे लागतात. मागचा पुढच्याचा दंड धरतो: पुढे ढकललं की चल, दाबलं की थांब. मी पट्टी बांधून चाचपडत असताना एका काकांचा आवाज आला.

"अहो, हा मांजा आहे का? पक्षी अडकतात यात."

भावाने समजावलं, काका, मांजा नाही, आम्ही गुंडाळून नेतो. केव्ह डायव्हिंग वगैरे सांगितलं. काका गेले नाहीत. पट्टीखालून मला त्यांचे पांढरे बूट दिसत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "पण तुमची दोरी ढिली आहे. इथे बघा, लोंबतीये. पाण्यात असली ढिली दोरी पायात नाही का येणार?"

बरोबर होतं त्यांचं. ढिली दोरी फिनमध्ये, सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये अडकते. आणि जिथे दोरी दगडांच्या फटीत सरकून बसते तिथे माणूस तिच्यामागे जाऊ शकत नाही, म्हणून ती कुठून जाईल ते आधी बघून ताणून बांधावी लागते. काका त्यानंतर भेटले की "आज ताण बरा आहे" असं सांगून पुढे जायचे. भाऊ मध्येच पट्टी बांधलेल्या मला दोरीपासून दूर नेऊन गोल फिरवायचा, "ताई, शोध आता." हरवलेली दोरी शोधायची पद्धत अशी की आहे तिथे आधी एक दोर पक्का बांधायचा, मग त्याच्या आधाराने एकेका दिशेला चाचपत जायचं आणि न सापडल्यास परत यायचं. जीव घाबरा झाला की माणूस नेमकं बांधायचं विसरतो आणि सुटतो.

हवेचा हिशोब हा माझा प्रांत. नियम तिसऱ्या हिश्श्याचा: एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, एक हातचा. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बार (हवेच्या दाबाचं माप), त्याला तीनने पूर्ण भाग जात नाही म्हणून १८० धरायचे, हिस्सा ६०, गेजवर १४० दिसले की वळायचं. ऐकायला भरपूर वाटतं. मी ते आकड्यांत मांडलं. दोन ११ लिटरच्या सिलिंडरांत ६० बार म्हणजे १३२० लिटर. मी पृष्ठभागावर मिनिटाला १८ लिटर घेते. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे ३६. साधारण ३७ मिनिटं आत जाता येईल. आता सगळ्यात आतल्या टोकाला जोडीदाराची हवा पूर्ण गेली. माझ्याकडे १४० बार, म्हणजे ३०८० लिटर, आणि श्वास घेणारे दोघं, मिनिटाला ७२. पुरेल ४३ मिनिटं, लागतील ३७. शिल्लक सहा मिनिटं. तीही दोघं शांत असतील तर! घाबरून प्रत्येकाने १८च्या जागी २५ लिटर घेतले तर ३१ मिनिटांत खेळ खलास, आणि बाहेरचं तोंड अजून सहा मिनिटांवर.

हा कागद मी बाईला पाठवला आणि विचारलं, मग तिसऱ्या हिश्श्याचा नियम सुरक्षित कसा? तिने उत्तर दिलं की तो ‘यापेक्षा जास्त नाही’ असा नियम आहे, ‘एवढं वापराच’ असा नाही. इंट्रोला आपण सहावाच हिस्सा वापरणार. २०० बारला ३० वापरायचे, १७०ला वळायचं. तोच हिशोब पुन्हा केला तेव्हा घाबरलेले दोघंसुद्धा निम्मी हवा शिल्लक ठेवून बाहेर आले. आईला हा दुसरा कागद दाखवला. तिला लिटर-बार कळले नाहीत, पण मी हिशोब करून जातेय हे कळलं. समन कुनानबद्दलच्या तिच्या प्रश्नाला मात्र हे उत्तर नव्हतं, आणि तिने ते तसं बोलूनही दाखवलं.

बाकीची तयारी रुटीन. डायव्हिंगचा वैद्यकीय फॉर्म भरून डॉक्टरांकडून तपासणी, कानांसाठी ईएनटी. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये केव्ह डायव्हिंग बहुधा बसत नाही, म्हणून डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेचं डायव्हिंग कव्हर, तेही अटी वाचून. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असल्याने मेक्सिकोचा वेगळा लागला नाही. परतीचं विमान शेवटच्या डायव्हनंतर चोवीस तास सोडून. फीची रक्कम विचारताना कोर्स, गॅस, सिलिंडर भाडं, प्रवेशशुल्क, कार्डाचे पैसे असे वेगळे रकाने मागा. एकच गोल आकडा देणाऱ्याकडून नंतर बिलं येतात.

दुसरा व्हिडिओ चालला. तरीही फुल केव्हचं बुकिंग तिने घेतलं नाही. कॅव्हर्न आणि इंट्रो कर, मग त्या मर्यादेत डायव्ह करून ये, मग पुढचं. मी पैसे द्यायला तयार होते, आणि ती घ्यायला तयार नव्हती! माझ्या व्यवसायात असा पक्ष दुर्मीळ.

तिथे पहिला दिवस पुन्हा झाडांतच गेला. तीच दोरी, तीच पट्टी, फक्त डास वेगळे. मग ट्विनसेटसाठी मोकळ्या पाण्यात जादा दिवस. पाठीवरच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत माझा उजवा हात पोचत नव्हता. वर्षानुवर्षं कीबोर्डवर वाकलेले खांदे. मग सेनोते, म्हणजे युकातानच्या चुनखडकातलं पाण्याने भरलेलं विवर, तिथूनच गुहेत शिरतात. रीलची दोरी पहिल्यांदा उघड्या पाण्यात बांधायची, जिथून सरळ वर येता येतं; दुसरी गाठ थोडं आत; आणि तिथून मुख्य दोरीपर्यंत. मुख्य दोरी मुद्दाम आत सुरू केलेली असते, म्हणजे न शिकलेला कोणी सहज तिच्यामागे जाऊ नये. गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं तो थर आला तेव्हा सगळं चित्र थरथरायला लागलं आणि मला वाटलं मास्कमध्ये काहीतरी गेलं. थर ओलांडला की पुन्हा काच.

माझ्या बरोबरचा विद्यार्थी एक ब्राझिलियन मुलगा होता. एका सकाळी काठावर दिवे तपासताना त्याचा तिसरा दिवा, म्हणजे दुसरा राखीव, लुकलुकला. प्रत्येकाकडे तीन हवेत. त्याने तो हातावर आपटला, पेटला. बाईने तो हातात घेतला, पुन्हा हलवला, पुन्हा विझला. आज आत नाही, म्हणाली. जादा दिवा गाडीतही नव्हता. दिवसभर आम्ही उजेडात, उघड्या पाण्यात, एकमेकांना हवा देत बसलो. तो मुलगा जेवणापर्यंत तोंड पाडून होता. मी माझ्या प्रश्नपत्रिकेतल्या तिच्या सगळ्या उत्तरांवर मनात टिक केली.

दिवे मालवून दोरीने बाहेर यायची परीक्षा झाली तेव्हा मला टेकडीवरचा सराव वाटला तेवढा पुरला नाही, पाण्यात तोल सांभाळणं वेगळंच. पण बोटांना बाण ओळखू आले आणि दंडावरचा दाब न चुकता कळला. इंट्रोचं कार्ड मिळालं. सोबत एक पान अभिप्राय, त्यातला अर्धा उजव्या खांद्यावर.

सध्या रोज सकाळी टॉवेल पाठीमागे धरून खांदा मोकळा करते. फिजिओने सांगितलेला व्यायाम आहे, आई शेजारी बसून मोजते. रिटर्नचा हंगाम आटोपल्यावर डिसेंबरच्या तारखा बाईला कळवल्या, फुल केव्हसाठी. तिने आधी व्हिडिओ मागितला आहे. या वेळी ट्विनसेटवरचा, आणि माझा हात दोन्ही व्हॉल्व्हवर स्पष्ट दिसला पाहिजे. त्यासाठी ट्विनसेट मालवणात मिळतो का अंदमानला जावं लागतं, याची चौकशी चालू आहे.